घाटावरचे मासे

“मछली दिखनी चाहिए, निशाजी,” पारीकसाहेबांनी जिन्याच्या तोंडाशी उभं राहून पुन्हा एकदा बजावलं. “रिपोर्ट किसने पढ़ी है आज तक! मछली दिखी, तो योजना बची.”

“नदी में जितनी होगी, उतनी दिखेगी सर,” निशिगंधा म्हणाली आणि तिनं दातांनी दोरा तोडला.

कचेरीच्या गच्चीवर ती भर उन्हात जाळं पसरून बसली होती. मागच्या खेपेला बाभळीच्या बुडाला अडकून ते टराटरा फाटलं होतं, त्याला ती टाके घालत होती. कचेरी म्हणजे दुर्गापुरा स्टेशनामागचं एक भाड्याचं घर. खाली खोल्या, वर गच्ची, आणि दिवसभर कानावर गाड्यांच्या घोषणा. योजनेला पुढची तीन वर्षं द्यायची की नाही ते ठरवणारी दिल्लीची समिती परवा यायची होती, ती उद्याच येणार असा फोन आला, आणि तेव्हापासून नंदकिशोर पारीक, म्हणजे या कचेरीचे प्रमुख, जिन्यावरून नुसते खाली-वर करत होते. माणूस तसा वाईट नव्हता. कुणाच्या घरी लग्न असो की मयत, पहिले हजर. पण दिल्लीचा फोन आला की त्यांचा जीव नुसता टांगणीला लागायचा.

तसा तो आज निशिगंधाचाही टांगणीला लागला होता. फक्त ती दाखवत नव्हती. दाखवत नव्हती म्हणजे काय, एकाच टाक्यावर चारदा दोरा फिरवत होती.

तिचं काम लोकांना समजावून सांगता सांगता तिच्या नाकी नऊ आले होते. जयपूरपासून अडीच-तीन तासांवर सोहनी नावाची एक नदी. तिच्यातल्या रानमाशांची, म्हणजे कुणी आणून न सोडलेल्या, नदीतच जन्मून वाढलेल्या माशांची मोजणी करायची. पैसे केंद्र सरकारचे. होळीच्या सुमाराला एकदा आणि दिवाळीनंतर एकदा नदीवर जायचं, जाळं टाकायचं, सापडेल तो मासा मोजपट्टीवर ठेवायचा आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा. “धरायचे आणि सोडायचे? मग पगार कशाचा देतात गं?” असं सासूबाईंनी विचारलं होतं, आणि खरं सांगायचं तर दिल्लीवालेही दर तीन वर्षांनी फक्त इंग्रजीत तेच विचारत होते. पण निशिगंधा गेली अकरा वर्षं त्याच जागी, त्याच हंगामात, तसंच जाळं टाकत आली होती. त्यात एक खाडा पडला की मागचं सगळं पाण्यात. मासे कमी झाले की मोजणाराच गैरहजर होता, हे मग कुणालाच कळणार नाही.

“और कल घाट पे ले चलते हैं ना सीधे,” पारीकसाहेब आता गच्चीवरच आले. “माताजी का घाट. क्या मछली है वहाँ!”

“वो मंदिर की मछली है, सर.”

“मछली मछली होती है, निशाजी.”

माताजीच्या घाटावर मासे होते, हे खरंच. हातहात लांबीचे महसीर. आपल्याकडे ज्याला खडस म्हणतात ना, त्याचेच हे उत्तरेकडचे भाऊबंद. लोक त्यांना कणकेच्या गोळ्या घालत, तिथं जाळं टाकायची कुणाची छाती नव्हती, आणि मासे वर्षभर तिथंच ठिय्या देऊन असत. म्हणून तर घाट मोजणीत धरायचाच नाही, असा नियम होता. मंगल कार्यालयात पंगतीला बसलेली माणसं मोजून गावात पीकपाणी कसं आहे ते ठरवता येत नाही.

“देवली का क्या हुआ, याद है ना?” पारीकसाहेबांनी हळूच विचारलं.

ते आठवत नसेल कसं? पलीकडं देवलीच्या नदीवर अशीच योजना होती. तिथल्या बाईनं, पार्वती मीणा तिचं नाव, समितीपुढं खरं तेच मांडलं होतं: मासे संपत आलेत. समितीनं ते शांतपणे ऐकलं, चहा घेतला आणि म्हटलं, मासेच नाहीत तर मोजायचं काय? योजना बंद. पार्वती आता कोट्याला एका शिकवणीच्या वर्गात प्राणिशास्त्र शिकवते.

“अपनी जगह पे ही जाएँगे,” निशिगंधा म्हणाली. “मनोहरला सांगितलंय मी,” हे ती नकळत मराठीतच बोलली. पारीकसाहेबांना त्यातलं फक्त ‘मनोहर’ हे जाळं ओढणाऱ्या कोळ्याचं नाव कळलं, पण नकार कळायला भाषा लागत नाही. ते हात झटकत खाली गेले.

*

“मतलब तू कल पण जाणार? माझा परसों पेपर आहे ना, आई!”

प्रणालीची बारावी चालू होती. पोरगी जन्मली मिरजेत, पण वाढली जयपुरात. त्यामुळे तिच्या मराठीला मालवीय नगरचं पाणी लागलं होतं.

“कल नाही, उद्या. परसों नाही, परवा,” निशिगंधा म्हणाली.

“हां, तेच. माझी फिजिक्सची टेन्शन तू नाही घेत, तुझ्या फिशची घेतेस.”

“तुझी फिजिक्सची टेन्शन घेऊन मी काय करू? मला तरी काय येतंय त्यातलं!”

पोरगी हसली, पण आईकडे बघून थांबली. निशिगंधानं मघाशी घड्या घातलेले कपडे पुन्हा उलगडून घड्या घालायला घेतले होते. गॅस बंद आहे का, ते ती मघापासून उठून उठून बघत होती.

तेवढ्यात उमाकांतचा फोन आला. विमा कंपनीतला अधिकारी माणूस. त्याच्याच बदलीनं हे घर जयपूरला आलं, आणि त्याचीच पुढं रायपूरला बदली झाली तेव्हा मात्र घर त्याच्या मागं गेलं नाही. प्रणालीची शाळा, असं सगळ्यांना सांगितलं. शाळा होतीच. पण नदीही होती, हे नवऱ्याला माहीत होतं. आणि त्याला माहीत आहे हे बायकोलाही माहीत होतं. पाच वर्षं दोघं त्यावर काही न बोलता सणासुदीला भेटत होती.

“ऑर्डर आली,” तो म्हणाला. “कोल्हापूर. जूनला हजर व्हायचं.”

“अगंबाई! खरंच?” तिला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. आणि त्याच्या मागोमाग जूनला किती महिने उरले ते तिनं बोटांवर मोजलं.

“आता प्रणालीची बारावीबी संपत आली. आता तर काय अडचण नाही न्हवं?”

“समिती येतीय उद्या, अहो. ती होऊन जाऊ दे. मग सांगते की.”

भांडखोर माणूस नव्हता तो. भांडला असता तर बरं झालं असतं.

“म्हणजे आपण दोघांनी एका घरात राहायचं की नाही, हे आता दिल्लीची समिती ठरवणार म्हण की.”

“तसं नाही हो...”

“तसंच आहे. असू दे. मिळू दे तुझी मंजुरी. मी खोटं बोलत नाही निशी, मिळावी असंच वाटतंय मला. फक्त मग मला स्पष्ट सांग, की तू येत नाहीस. मला स्वयंपाकाला बाई बघाय पाहिजे.”

फोन ठेवल्यावर ती बाल्कनीत गेली, परत आली, परत गेली. मंजुरी मिळाली तर नवऱ्याला नाही म्हणायचं होतं. नाही मिळाली तर होय म्हणायचं होतं. दोन्हींत तिचं असं काय होतं? पण मनाच्या तळाशी ती काय मागत होती ते तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती. तिला नदी हवी होती. घरदार, नवरा, कोल्हापूर, सगळं हवंच होतं, पण आधी नदी हवी होती. अजून तीन वर्षं. त्यासाठी उद्या काय वाट्टेल ते करायची आपली तयारी आहे, असं तिच्या लक्षात आलं आणि ती घाबरून पोळ्या लाटायला गेली.

*

समितीत दोन माणसं होती. अर्थखात्याच्या संपदा माथुर, ज्यांनी गाडीत बसल्याबरोबर डोळे मिटले. आणि अध्यक्ष आनंदराव शेलार, निवृत्त सहसचिव, पांढऱ्याशुभ्र मिश्या, पायांत चकचकीत बूट. हॉटेलच्या दारात ओळख करून देताना पारीकसाहेबांनी ‘मिसेज मिरजकर’ म्हटलं मात्र, म्हाताऱ्याचे डोळे चमकले.

“मिरजकर? कुठल्या तुम्ही?”

“मिरजेचीच, सर.”

“अरे वा! मी कराडचा. चला, माझ्या गाडीत बसा. पारीक, आप आगे बैठिए.”

गाडी टोंक रोडला लागली, मागून कचेरीची दुसरी गाडी. सांगानेर गेलं, चाकसू गेलं, आणि आनंदराव जे सुटले ते थांबेचनात. बायको जाऊन चार वर्षं झाली. मुलगा कॅनडात. दिल्लीत राजिंदरनगरला राहतात. मराठी बोलायला माणूस नाही. “भाजीवाल्याशी हिंदी, मुलाशी फोनवर इंग्रजी, आणि देवाशी संस्कृत. आता स्वतःशी बोलावं तर लोक वेडा म्हणतील,” असं म्हणून ते खदाखदा हसले. निशिगंधाही हसली. इतके दिवस मनात समितीचा जो बागुलबुवा उभा होता, तो असा शेजारी बसून आंबोळीची आठवण काढेल असं तिला वाटलं नव्हतं.

निवाई मागं पडलं. आनंदराव जरा सरकून बसले आणि त्यांचा आवाज बदलला.

“बाई, एक विचारू? यांना मराठी कळत नाही ना?” त्यांनी पुढच्या सीटकडे हनुवटी उडवली.

“नाही कळत, सर.”

“मग खरं सांगा. रंगीत तक्ते बघून बघून माझे डोळे गेलेत. जिथं जावं तिथं लोक सजवून ठेवतात. मी ही शेवटची समिती करतोय, ह्यानंतर घरी. तुमच्या नदीत मासे आहेत का?”

पुढं पारीकसाहेब ताठ बसले होते. त्यांची मान कळत नसलेल्या भाषेकडे लागली होती. आणि निशिगंधाच्या जिभेवर सगळं येऊन थांबलं. की साहेब, गेल्या पाच वर्षांत निम्मे राहिलेत. वर वाळूचे ट्रक भरले जातात, उन्हाळ्यात पाणी तुटतं, म्हणूनच तर मोजणी चालू राहायला हवी. म्हाताऱ्यानं किती सरळ विचारलं होतं! असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. पण सरळ विचारणाऱ्या माणसांचीही एक भीती असते. पार्वतीला तरी वाकडं कुणी विचारलं होतं? तिनंही सरळ विचारल्यावर सरळच सांगितलं होतं.

“आहेत,” ती म्हणाली.

“भरपूर?”

“दाखवते की, सर.”

“शाब्बास!” आनंदराव खूश होऊन मागं टेकले. निशिगंधानं खिडकीबाहेर बघितलं.

गावाच्या अलीकडे रस्त्याला फाटा होता. सरळ गेलं की नदीची खालची बाजू. तिथं मनोहर केवट सकाळपासून जाळं लावून वाट बघत असणार होता. डावीकडे माताजीचा घाट. ड्रायव्हरनं वेग कमी केला.

“मैडम, किधर?”

पारीकसाहेबांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. त्यांनी काही सांगितलं नाही, खूणही केली नाही. सांगितलं असतं तर ती हट्टाला पेटली असती.

“बाएँ,” निशिगंधा म्हणाली. “घाट पे.”

*

घाटावर गेल्या गेल्या आनंदराव दहा-बारा पायऱ्या तरण्याबांड माणसासारखे उतरले. पुजाऱ्यानं कणकेच्या गोळ्यांची परात पुढं केली. पहिली गोळी पाण्यात पडली आणि पाणी उकळावं तसं उसळलं. सोनेरी पाठी, लालसर शेपट्या, एकावर एक, एकाच्या पाठीवर दुसरा. संपदा माथुरही जाग्या होऊन मोबाइल काढून उभ्या राहिल्या.

“आहाहा!” आनंदराव ओरडले. “बाई, अहो हे काय आहे! कृष्णेला लहानपणी असे मासे बघितले होते. मला वाटलं होतं, मरायच्या आधी पुन्हा दिसणार नाहीत.”

त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते. त्यांनी देवळाकडे वळून हात जोडले, मग माशांकडे वळून हात जोडले. पारीकसाहेब मागं उभे राहून रुमालानं कपाळ पुसत होते आणि निशिगंधाकडे बघून हसत होते. जमलं, असं ते हसणं सांगत होतं. तिलाही क्षणभर वाटलं, जमलं. तीन वर्षं मिळाली. उद्यापासून आपण पुन्हा खरं वागू, मोजणी खरीच करू, आजचा एक दिवस देव माफ करील.

परात रिकामी झाल्यावर आनंदराव वर येऊन दगडी कट्ट्यावर बसले. त्यांनी माथुरबाईंना बोलावलं आणि हिंदीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायला सुरुवात केली. काम उत्तम आहे. नदी जिवंत आहे. अकरा वर्षं मोजलं, आणि मासे इतके आहेत, हे आपण डोळ्यांनी बघितलं.

“तो फिर अब गिनना क्यों है?” ते म्हणाले.

निशिगंधाला वाटलं, ते गंमत करताहेत.

“जिसका जवाब सामने तैर रहा है, उसपे और तीन साल का पैसा क्यों?” माथुरबाईंनी लगेच री ओढली. त्यांना तर हेच हवं होतं. मग दोघांमध्ये भराभर ठरत गेलं. मोजणी आता थांबवावी. तेच पैसे या घाटाला द्यावेत. पायऱ्या दुरुस्त करा, कठडा घाला, दिवे लावा, लोकांना मासे दाखवा, म्हणजे लोकांत आपोआप जागृती होईल. काम पारीकसाहेबांच्या कचेरीनंच करावं. पारीकसाहेबांनी आधी चमकून बघितलं, मग त्यांच्या लक्षात आलं की कचेरी वाचली, आणि त्यांनी होकारार्थी मान हलवायला सुरुवात केली.

पार्वतीची योजना मासे नाहीत म्हणून गेली होती. हिची, मासे आहेत म्हणून चालली होती. हसावं की रडावं ते निशिगंधाला कळेना.

“सर,” ती म्हणाली. “हे ते मासे नाहीत.”

“म्हणजे?” आनंदराव हसत वळले. “मासे नाहीत तर काय आहेत?”

“हे देवळाचे आहेत. खायला मिळतं म्हणून थांबतात. ह्यांना आम्ही मोजतच नाही. आम्ही मोजतो ते खाली, नदीत.” आणि मग तिनं तेच सगळं हिंदीत सांगितलं. माथुरबाईंना कळावं म्हणून, आणि पारीकसाहेबांना कळावं म्हणूनही. पारीकसाहेबांचा चेहरा पार उतरला.

“आणि खाली मासे आहेत का?” आनंदरावांनी विचारलं. हसू गेलं होतं.

“चला, सर. पाया पडते तुमच्या. एकदा चला.”

*

खालच्या बाजूला नदी म्हणजे वाळूचं भलंमोठं मैदान आणि त्यात एका कडेनं सरकणारं घोटाभर पाणी. पुढं एका वळणावर तेवढा डोह. आनंदरावांचे बूट चिखलात रुतत होते. माथुरबाई गाडीतून उतरल्याच नाहीत. मनोहर केवट सकाळपासून ताटकळून वैतागला होता, साहेबलोक बघून त्यानं गमछा सारखा केला आणि काही न विचारता दोर ओढायला घेतला.

जाळं वर आलं. त्यात काट्याकुट्या, गुटख्याच्या पुड्या, बोटाएवढी चिल्लर मासळी आणि एक महसीर. वीतभर असेल नसेल.

“एवढंच?”

“आज एवढंच, सर.”

पण मासा हातात आला आणि निशिगंधाचे हात आपोआप चालायला लागले. ओल्या फडक्यात गुंडाळून तिनं त्याला पट्टीवर ठेवलं, माप मनोहरला सांगितलं, आणि लहान कात्रीनं शेपटीच्या वरच्या टोकाची एक नखभर कोर कापली.

“कापता कशाला त्याला बिचाऱ्याला?” आनंदराव न राहवून वाकून बघायला लागले.

“खूण आहे, सर. दुखत नाही त्याला फारसं. आता दिवाळीनंतर आम्ही पुन्हा इथंच जाळं टाकणार. तेव्हा अशी कापलेली शेपटी किती माशांना दिसते, त्यावरून समजतं, किती जगले, किती गेले, नवे किती आले.” तिनं मासा पाण्यात धरला, त्यानं अंग वळवलं आणि तो निसटला. “ह्याची आणि आमची पुन्हा गाठ पडायची असते.”

“अकरा वर्षं मोजताय. वाढले का?”

“मोजल्यानं वाढत नसतात हो. ताप बघितल्यानं ताप उतरतो का? पण म्हणून कुणी थर्मामीटर फेकून देतं का? निम्मे राहिलेत, सर. का राहिलेत, तेही सांगता येईल आता. अजून दोन-तीन वर्षं मिळाली तर छातीठोकपणे सांगता येईल. म्हणूनच...” तिनं पट्टी फडक्यानं पुसली. “बंद करू नका.”

वाकलेले आनंदराव सरळ झाले. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर तिला सोपं गेलं असतं.

“बाई, सकाळपासून दोन नद्या दाखवल्यात तुम्ही मला,” ते म्हणाले. “एक तुडुंब आणि एक रिकामी. दोन्ही तुम्हीच दाखवल्यात, आणि दोन्ही वेळा मी विश्वास ठेवला. आता मी दिल्लीला जाऊन कुठली नदी सांगू?”

“हीच खरी आहे, सर.”

“असेल. पण हे आता, मोजणी बंद करतो म्हटल्यावर सांगताय. उद्या माथुर मला विचारतील, बाईंची नोकरी चालली म्हणून बाईंनी मासे लपवले नसतील कशावरून? मी काय उत्तर देऊ?”

निशिगंधा मासे कधी, कुठं, कसे लपवणार होती? पण बघायला गेलं तर त्यांचं म्हणणं चुकीचं कुठं होतं?

“गाडीत विचारलं होतं मी तुम्हाला,” म्हातारा हळू आवाजात म्हणाला. “मराठीत विचारलं होतं. नाहीत म्हणाला असतात, तरी मी थोडाच परत फिरणार होतो!”

एवढं बोलून ते वळले. वाळूतून चालताना मध्येच त्यांचा एक बूट निघाला. तो हातात घेऊन ते तसेच गाडीपर्यंत गेले. पारीकसाहेब त्यांच्या मागोमाग धावले, पण अर्ध्यातून परत आले.

“आपने बोल क्यों दिया, निशाजी?” त्यांचा आवाज रडवेला होता. “घाट का काम तो अपना ही था. मैं आपको उसी में रख लेता.”

“मैं सीढ़ियाँ नहीं बना सकती, सर.”

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं केलं, मग अवघडून तो हात मागं घेतला, आणि दुसरी गाडी तिच्यासाठी ठेवतो असं सांगून ते गेले. गाडी धूळ उडवत फाट्याकडे दिसेनाशी झाली.

फोन वाजला. उमाकांत होता. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत रोज करतो तसा केलेला.

“काय झालं गं?”

“प्रणालीला आधी पुढं पाठवू की काय, बघा. नाहीतर जूनला सगळं सामान एकदमच हलवू.”

पलीकडं डब्याचं झाकण ठेवल्याचा आवाज आला.

“निशी,” तो म्हणाला, “मला आनंद व्हाय पाहिजे न्हवं आता? मग होईना कसा?”

“जेवून घ्या,” ती म्हणाली. “भाजी काय आणलीय आज?”

“दोडका.”

“मग जेवा. संध्याकाळी बोलते.”

मनोहरनं एव्हाना दुसरं जाळं ओढायला घेतलं होतं. त्याला कुणी थांब म्हटलं नव्हतं, आणि त्याची हजेरी संध्याकाळपर्यंतची होती. निशिगंधानं चपला काढल्या, सलवार खोचली आणि पाण्यात उतरून दोराचं दुसरं टोक धरलं. या खेपेला जरा थोराड महसीर लागला होता. अंगानं चांगला भरला होता, पोटाशी पिवळा, डोळा स्वच्छ. तिनं त्याला फडक्यात घेतलं, पट्टीवर ठेवलं, माप मोठ्यानं म्हटलं. मनोहरनं ते लिहून घेतलं आणि सवयीनं कात्री पुढं केली.

ती कात्री हातात घेऊन उभी राहिली. मासा फडक्यात धडपडत होता.

“मैडम, निशान?” मनोहरनं विचारलं.

तिनं नकारार्थी मान हलवली, कात्री त्याच्या हातात परत दिली, आणि मासा अख्ख्या शेपटीनिशी पाण्यात सोडला.